बिसीऊटच्या कामाचा वाद, मध्यस्थीनं मिटतो काय?

खानापूरचा_पोरगा
आई गावातल्या सरकारी मराठी शाळेत बिसीऊटचा, म्हणजे कर्नाटकात शाळेत पोरांना दुपारी देतात त्या जेवणाचा, स्वयंपाक करते, बारा वर्षं झाली. जूनमध्ये एसडीएमसीवाले (शाळेची देखरेख समिती) म्हणाले उद्यापासनं येऊ नका, लिहून काय दिलं नाही, वर दोन महिन्यांचं मानधन अडकलंय. बाकीच्या बायका म्हणतात सगळ्या मिळून चूलच बंद ठेवूया, आईला ते नको, पोरं उपाशी राहतील म्हणते. कुणीतरी मध्ये बसून मिटवतात म्हणे, ते कुठं? खर्च किती येतो?

निपाणीचा_मास्तर
लेबर ऑफिसच्या नादाला आधी लागू नका. आम्ही गेस्ट टीचर तिथं गेलेलो, दारातनंच परत पाठवलं, कारण १९८८ मध्येच सुप्रीम कोर्टानं गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की शिक्षक 'वर्कमन', म्हणजे कायद्यातला कामगार, नव्हे. तुमच्या आईंचं वेगळं आहे, पण मानधनावरची बाई कामगार धरायची की नाही यावरच तिथं घोळ घालत बसतील.

कोर्टाच्या_कट्ट्यावर
तालुक्याच्या कोर्टात कायदा सेवा समिती असते बघा, १९८७ च्या कायद्यातली. बाईमाणसाला वकील फुकट, उत्पन्न कितीही असू दे. केस न घालताच अर्ज देता येतो, मग ते समोरच्यांना बोलावून घेतात. मध्यस्थ निकाल देत नाही हं, दोघांकडनं वदवून घेतो फक्त. पण जमलं तर लोकअदालतीत नोंदवून घ्या, ते कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखं होतं, त्यावर अपील नाही. आणि एकट्या एसडीएमसी अध्यक्षाला बोलावून उपयोग नाही, तो चहा पिऊन हो म्हणेल आणि पैसे कुठनं देणार? अक्षरदासोहाचा, म्हणजे या जेवणाच्या योजनेचा, तालुक्याचा अधिकारी आणि बीईओ (तालुक्याचा शिक्षणाधिकारी) ऑफिसचा माणूस, सही करू शकणारा, समोर पाहिजे. बोलणं मराठीत झालं तरी कागद कन्नडमध्ये येईल, वाचून घेतल्याशिवाय आईंना अंगठा सही काही करू देऊ नका.

चिक्कोडी_एक्सप्रेस
हे सगळं ठीक, पण यानं मानधन वाढत नाही की कायम पण करत नाहीत. तो निर्णय बेंगळुरात होतो, त्यासाठी हिवाळी अधिवेशनात बेळगावच्या विधानभवनासमोर, सुवर्णसौधसमोर, बसावंच लागतं. मध्यस्थी गावातल्या गाठीपुरती.

खानापूरचा_पोरगा
सध्या गाठच सोडवायची आहे दादा. हजेरीचं जुनं रजिस्टर आईनं झेरॉक्स करून ठेवलंय, सोमवारी अर्ज देतो. बायकांना सांगितलंय तोवर चूल पेटती ठेवा.