मदत हवी आहे: पिवळं वलय आलंय, पण सीजीटेझ खरंच आहे का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, दुसरं वर्ष. प्रोजेक्ट सीजीटेझ बनवणाऱ्या जिवाणूंचा. हे एन्झाइम स्टार्चची साखळी कापतं आणि तुकड्याची टोकं जुळवून कडं करतं: ६ ग्लुकोजचं अल्फा, ७ चं बीटा, ८ चं गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन. कड्याच्या पोकळीत पाण्याशी न पटणारे रेणू जाऊन बसतात, म्हणून औषधवाल्यांना त्याचं एवढं कौतुक.

माती आणली आमच्या मागच्या सायझिंगच्या नाल्यातून. सुताची खळ तिथं वर्षानुवर्षं मुरतेय, स्टार्च खाणारे तिथं नाहीत तर कुठं? (आई अजून मला हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देत नाही.)

प्लेटमध्ये स्टार्च, पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, वेगळं ऑटोक्लेव्ह केलेलं १% सोडियम कार्बोनेट, शिवाय फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंज हे दोन रंग. फिनॉल्फ्थॅलीन कार्बोनेटमध्ये लालगुलाबी दिसतं, पण बीटाच्या कड्यात अडकलं की रंग जातो आणि मिथिल ऑरेंजचा पिवळा उरतो. दोन दिवसांनी २, ६ आणि ९ नंबरच्या कॉलनीभोवती लाल रंग जाऊन पिवळं वलय! पेढे सांगायचेच राहिले होते.

मग तिन्ही ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) वाढवल्या, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी स्टार्चबरोबर ठेवलं, फिनॉल्फ्थॅलीन घालून ५५० नॅनोमीटरला मोजलं. २ आणि ९ ब्लँकइतकेच (एन्झाइम न घातलेल्या नळीइतकेच) गुलाबी, ६ जरा फिका. आयोडीनने तिन्हींना वलय येतं, पण ते स्टार्च नुसतं तोडणारं साधं अमायलेजही देतं. सर म्हणतात, "परत कर." एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजायचं यंत्र) आमच्याकडे नाही. काय करू?

प्रतिसाद:
ताई, प्लेट फसवतेय. स्टार्च खाऊन जिवाणू आम्ल सोडतात, पीएच ८ च्या खाली गेला की फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जातोच, कडं असो वा नसो. वलयावर कार्बोनेटचा थेंब टाका. गुलाबी परतला तर ते आम्लाचं काम. ६ ची नळी गरम पाण्यात धरा, शेजारी उकळून मारलेल्या एन्झाइमची. बीटात अडकलेला रंग तापल्यावर सुटतो, गार झाला की पुन्हा आत. आणि ही चाचणी बीटाचीच; अल्फा किंवा गॅमा असेल तर यात कळणार नाही.

धागाकर्ती:
दादा, थेंब टाकले. २ आणि ९ लगेच गुलाबी, ६ पिवळंच. ६ ची नळी गरम पाण्यात गुलाबी झाली, नळाखाली धरली तर परत फिकी. तीनदा केलं. आता सरांना बोलावते.