भरपूर पात्रांचा हलकाफुलका हिंदी सिनेमा: डोकं खरंच बाजूला ठेवायचं का?

मध्यंतर (धागाकर्ता)

पाच-सहा नट, भाड्याची एखादी खोली नाहीतर बंगला, दोन-तीन खोट्या ओळखी आणि शेवटी सगळ्यांची पळापळ. अशा सिनेमाचा विषय निघाला की 'डोकं बाजूला ठेवून बघायचा' हे वाक्य ठरलेलं. आवडणारेही म्हणतात, नावं ठेवणारेही म्हणतात. मला ते साफ अमान्य आहे. या प्रकारातले चांगले सिनेमे प्रेक्षकाच्या डोक्याच्या भरवशावरच उभे असतात. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला नाही, याचा हिशेब आपण सतत मनात ठेवतो आणि हसू त्या हिशेबातून फुटतं.

'अंगूर' (१९८२) बघा. दोन संजीव कुमार, दोन देवेन वर्मा. जुळ्यांच्या दोन जोड्या आहेत हे गुलज़ार आपल्याला आधीच सांगून टाकतात. बाहेरगावाहून आलेला अशोक गुप्तहेरकथांचा शौकीन, त्यात जवळ रोख रक्कम. अनोळखी बाई त्याला नवरा समजून घरी न्यायला लागते, तेव्हा ही लुटारूंच्या टोळीची चाल आहे असं तो धरून चालतो. पुढचा प्रत्येक प्रसंग त्याच्या या समजुतीत चोख बसतो! माणूस मूर्ख नाही, त्याचा तर्क पक्का आहे, फक्त एक माहिती त्याच्याकडे नाही. म्हणून आपण पोट धरून हसतो, तरी तो आपल्या नजरेतून उतरत नाही.

'हेरा फेरी'तही (२०००) तेच. अपहरण करणाऱ्यांचा फोन चुकून बाबूराव आपट्यांच्या घरी लागतो. खंडणीचा आकडा वाढवून सांगायचा आणि मधली रक्कम आपण ठेवायची, ही कल्पना आपल्याला पटते, कारण बाबूराव आणि त्याचे दोन भाडेकरू, या तिघांची पैशाची नड तोवर आपण नीट पाहिलेली असते. तिघांपैकी नायक कोण, हे मला आजही सांगता येणार नाही. हसवायची पाळी फिरत राहते, आणि या सिनेमाची सगळी ओढ मला त्यातच वाटते.

कृष्णधवल

असहमत. तुम्ही मोती तेवढे निवडून दाखवलेत. या प्रकाराच्या नावाखाली आज जे विकलं जातं त्याचं काय? रोहित शेट्टींच्या 'गोलमाल' मालिकेत एका पात्राला बोलता येत नाही, म्हणून विनोद. 'गोलमाल ३'मध्ये (२०१०) दुसरं एक पात्र अडखळत बोलतं, म्हणून आणखी विनोद. इथे कुणाला काय माहीत आहे याचा हिशेब कुठे आला? समोरच्याच्या व्यंगाला हसायचं, एवढंच उरतं. घरात अडखळत बोलणारं मूल असेल तर तो प्रसंग सगळ्यांबरोबर बसून बघणं किती जड जातं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

दुसरं, गर्दी. 'हाऊसफुल ५' (२०२५) दोन वेगवेगळ्या शेवटांसह प्रदर्शित झाला. खुनी कोण, हेच बदलता येत असेल तर आधीच्या दोन तासांत काय घडलं याला किंमत काय राहिली? पोस्टरवर चेहरे मावेनासे झाले म्हणजे पात्रं भरपूर झाली असं नाही.

बाल्कनी

मी दोघांच्याही विरोधात. मध्यंतर, तुमचा हिशेब पहिल्यांदा बघताना लागू पडतो. पण हे सिनेमे लोक पुन्हा पुन्हा बघतात, आणि तेव्हा सगळं पाठ असतं. 'अंदाज़ अपना अपना' १९९४ साली तिकीटबारीवर चालला नाही. पुढे टीव्हीवर लागत राहिला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. कोणते हिरे कुणाकडे गेले, यासाठी कुणीही तो दहाव्यांदा लावत नाही. त्या मंडळींचा सहवास हवा असतो म्हणून लावतो. अर्ध्यातून बघा, मध्येच उठा, परत या, माणसं तिथेच भेटतात. दमून आलेल्या माणसाला हे मिळत असेल, तर डोकं बाजूला ठेवणं हे सुखच आहे. त्यात हलकं काय आहे?

मध्यंतर

बाल्कनी, दहाव्यांदा बघताना मी बोलणाऱ्याकडे बघतच नाही, ऐकणाऱ्यांकडे बघतो. 'चुपके चुपके'त (१९७५) वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर बनून येतो आणि अतिशुद्ध हिंदी बोलून ओमप्रकाश यांना हैराण करतो. पहिल्यांदा आपण त्या दोघांनाच हसतो. पुन्हा बघताना प्राध्यापकाची बायको झालेल्या शर्मिला टागोर दिसायला लागतात. त्यांना सगळं माहीत आहे आणि चेहरा सरळ ठेवायचा आहे. हिशेब पाठ झाल्यामुळेच ही दुसरी मजा हाती लागते. त्याच वर्षी 'शोले'त एकत्र असलेले धर्मेंद्र आणि अमिताभ इथे ओमप्रकाश यांना पूर्ण जागा देतात, हेही विसरू नका.

कृष्णधवल, अडखळत्या बोलण्यावरच्या विनोदाबद्दल तुमचा राग मलाही मान्य आहे. पण तो राग त्या लेखनावर काढा, प्रकारावर नको.

कृष्णधवल

प्रकारावरच काढणार. पात्रं वाढली की प्रत्येकाला एकेक खूण चिकटवावी लागते: हा बहिरा, हा तोतरा, हा विसराळू. वेळ कमी असल्यामुळे लेखक सगळ्यात स्वस्त खूण उचलतो. ती सवय या प्रकाराच्या बांधणीतच आहे.

तिसरीघंटा

खूण स्वस्तच असावी लागते असं नाही. हृषिकेश मुखर्जींच्या 'गोल माल'मधले (१९७९) नायकाचे मालक भवानीशंकर आठवा. मिशी नसलेला माणूस चारित्र्यवान नसतो, अशी त्यांची ठाम समजूत. ही खूणच, पण ती शरीराची नाही, मताची आहे. उत्पल दत्त ते मत इतक्या निष्ठेने बाळगतात की अख्खी गोष्ट त्या एका मिशीवर चालते. लेखकांनी मतं शोधावीत, व्यंगं नकोत.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती अजून कुणी काढलेली नाही: या सगळ्या गमतीत बायका कुठे असतात? 'हेरा फेरी' मलाही मनापासून आवडतो. तब्बूची अनुराधा सुरुवातीला किती भक्कम आहे. घरी आजारी आई आहे, नोकरी हवी आहे आणि त्यासाठी ती तिघांपैकी एकाला, श्यामला, सरळ फसवते. म्हणजे गरजही आहे, लबाडीही आहे, या तिघांच्या पंक्तीत बसायला आणखी काय लागतं? पण फोन येतो, पैशांचा खेळ सुरू होतो आणि ती बाजूला पडते. हसवायची पाळी फिरते म्हणता, ती तिच्यापर्यंत येतच नाही.

हे जमत नाही असं मात्र कुणी सांगू नये. 'गोल माल'मध्येच दीना पाठक नायकाची खोटी आई बनतात, भवानीशंकरांच्या आधी घरात पोचण्यासाठी खिडकीतून आत शिरतात आणि पुढे पकडल्या जाऊ नये म्हणून जुळ्या बहिणीची थाप निभावून नेतात. बासू चॅटर्जींच्या 'खट्टा मीठा'त (१९७८) पारशी विधुर आणि विधवा आपापल्या मोठ्या मुलांसकट एक संसार मांडतात. तिथे पर्ल पदमसी अशोक कुमारांच्या बरोबरीने सिनेमा ओढतात. तो काळ आजच्यापेक्षा मोकळा होता असं मी म्हणत नाही, पण या दोन बायकांना खोटं बोलायला, घाबरायला आणि सावरायला प्रसंग दिले गेले होते. पुढचा बहुपात्री सिनेमा लिहिणाऱ्याने तो फोन एकदा अनुराधालाच उचलू द्यावा.