१९६२ च्या सिल्व्हरटोन १४४८ गिटारची ‘जी’ (G, तिसरी) तार सुरात चढते – मदत हवी आहे

डॅनइलेक्ट्रो कंपनीने सिअर्स या अमेरिकन दुकानसाखळीसाठी बनवलेली, पेटीतच अँप असलेली गिटार. लिपस्टिक पिकअप (तारांचा आवाज टिपणारा, लिपस्टिकच्या नळीसारखा भाग) मस्त वाजतो, अडचण ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची. रोजवूडची एकच सरळ पट्टी, एका स्क्रूवर. फक्त तिरकी करता येते, तारेगणिक पुढे-मागे नाही. बाकी तारा जुळल्या तरी ‘जी’ बाराव्या फ्रेटला (पट्टीला) दाबली की चांगलीच चढते. १०-४६ जाडीच्या तारांचा नवा सेट, नेकचा (मानेचा) बाक, नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा सगळं तपासून झालं. प्रत्येक तारेला वेगळं सॅडल (टेकू) असलेला धातूचा ब्रिज मिळतो, पण मूळ लाकडाचा आवाज घालवायचा नाही. बॉडी आतून पोकळ, वर हार्डबोर्ड, म्हणून नवी भोकंही नकोत. त्या काळी ‘जी’ तार गुंडाळलेली (वरून बारीक तारेचा वेढा असलेली) असे. तसा सेट लावून फरक पडेल, की ब्रिजच्या पट्टीलाच ‘जी’पुरती खाच घासावी? कुणी केलंय का?