आईला फुललेला पळस दाखवायचाय: कधी, कुठे आणि कसं न्यावं?

गोदाकाठ विचारतात:

आईचं वय ७६. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. बीपीची गोळी चालू आहे, त्यात लघवी जास्त होणारं औषधही आहे. सपाटीवर एका दमात दोन-अडीचशे पावलं चालते, मग बसावंच लागतं. राहायला छत्रपती संभाजीनगर, हाताशी चारचाकी आहे. तिला फुललेला पळस पाहायचाय, तोही गाडीच्या काचेतून नाही, झाडापाशी जाऊन. बहर नेमका कधी गाठावा? सकाळ बरी की संध्याकाळ? सोबत काय न्यावं? पितळखोऱ्याला न्यायचा विचार आहे, जमेल का?

बांधावरचा:

पितळखोरा आधी डोक्यातून काढा. लेणी खाली दरीत आहेत, पायऱ्या उतरून जावं लागतं आणि येताना तेवढ्याच चढायच्या. झिजलेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं, कारण उतरताना सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. येडशीच्या रामलिंग मंदिरालाही हाच प्रकार. जागा सुंदर, पण या कामाची नाही.

बहराचं म्हणाल तर ‘शिवरात्र ते होळी’ हा पंधरवडा सगळे सांगतात. पण तिथीवर विसंबू नका. २०२४ मध्ये होळी २४ मार्चला होती, २०२५ मध्ये १३ मार्चला. अधिक महिन्यामुळे तिथी पुढेमागे सरकते. झाड पंचांग बघून फुलत नाही. आपल्याकडे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बहर असतो. उन्हाच्या उतारावरची, मुरमाड जागेवरची झाडं आधी पेटतात. पाण्याच्या कडेची मागे राहतात.

खरी खूण कळीत आहे. कळ्या काळपट, मखमली असतात आणि घोस बुडापासून शेंड्याकडे उमलत जातो. बुडाकडची तिसरा हिस्सा फुलं उघडली असतील, तर पुढच्या आठ-दहा दिवसांत आईंना घेऊन जा. शेंड्यापर्यंत उमलून खाली सडा पडलेला दिसला, तर उशीर झालाय असं समजा. आभाळ भरून यायला लागलं तर रविवारची वाट बघू नका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जशी गारपीट झाली तशी झाली, तर एका रात्रीत फांदी मोकळी होते.

आता झाड. कन्नडकडून गौताळा अभयारण्याच्या बाजूला पळस आहे. नांदेडकडच्यांना किनवट-माहूरचा पट्टा जवळ. पण तुमच्या कामाला जंगल नको, एक झाड हवं. गुरं पळसाच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून गायरानात, पडीक रानात, बांधाच्या कडेला बाकी झाडं गेली तरी पळस टिकतो. शहरापासून वीस-तीस किलोमीटरच्या आत असं झाड शोधा, ज्याच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर गाडी उभी राहते आणि मधे चर, तारेचं कुंपण किंवा ढेकळं नाहीत. दोन दिवस आधी तुम्ही एकटे जाऊन बघून या. रान कुणाचं असेल तर मालकाला विचारून ठेवा, ‘आईला झाड दाखवायचंय’ म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही.

एक गोष्ट हटकून विसरली जाते: फुललेल्या पळसाला पानं नसतात, म्हणजे सावलीही नसते. त्यामुळे जोड बघायची, पळस एकीकडे आणि पंधरा पावलांवर आंबा किंवा चिंच. कडुनिंबावर भिस्त ठेवू नका, याच दिवसांत त्याचीही पानगळ चालू असते.

काठीचा_आधार:

झाड ठरलं की चालण्याकडे या. घरच्यांचं गणित चुकतं ते इथेच. आई ‘दोनशे पावलं चालते’ ती घरातल्या फरशीवर. रानात त्याच्या निम्मी धरा, आणि परतीची पावलंही त्यातच मोजा. म्हणजे गाडीपासून खुर्ची पन्नास पावलांच्या आत हवी.

घडीचं बुटकं स्टूल नेऊ नका. ते फूटभर उंचीचं असतं, त्यावरून गुडघे झिजलेल्या माणसाला उठता येत नाही. मग दोघं जण काखेत धरून ओढतात आणि खांदा दुखावतो. घरची हातांची प्लास्टिकची खुर्ची न्या, बैठक जमिनीपासून दीड फूट तरी हवी. काळ्या मातीत तिचे पाय एका बाजूने रुततात आणि खुर्ची कलंडते. खाली जुन्या प्लायवुडचा तुकडा टाका. काळ्या रानाला या दिवसांत भेगाही पडायला लागतात, काठीचं टोक त्यात अडकतं. मुरमाड जमीनच बघा.

काठी डाव्या हातात. उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणून काठी उजव्या हातात धरली जाते, ते चूक आहे. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरली की पाऊल टाकताना त्या गुडघ्यावरचा भार कमी होतो. उंची बघायची ती अशी: चप्पल-बूट घालून हात सैल सोडून उभं केल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीला लागली पाहिजे. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर आधी बदला, मेडिकलमध्ये मिळतं. वाळलेल्या पाचोळ्यावर घासलेलं रबर सरळ घसरतं. चढ आला तर चांगला पाय आधी, उतार आला तर दुखरा पाय आणि काठी आधी.

खुर्ची झाडाच्या बुंध्याशी मांडू नका. वर बघायला मान मागे टाकली की म्हाताऱ्या माणसाला गरगरतं. पंचवीस फुटी झाड असेल तर चाळीस-पन्नास फूट लांब बसवा, नजर जरा उचलली की पूर्ण झाड दिसतं. सकाळी झाडाच्या पूर्वेला बसायचं, ऊन पाठीवर आणि फुलं समोर उजेडात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना समोरचं ऊन फार टोचतं.

बसून उठताना घाई नाही. आधी दहा-पंधरा वेळा पावलं वर-खाली हलवायची, मग उभं राहून मनात वीस आकडे मोजायचे, मग पहिलं पाऊल. बीपीची गोळी आणि ऊन एकत्र आलं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस तिथेच पडतो.

माळरान_परभणी:

संध्याकाळचं का नको? सकाळी गुडघे आखडलेले असतात. पाचनंतरचा उजेडही पळसावर जास्त खुलतो.

बांधावरचा:

उजेडाचं खरं आहे, पण दिवसभर तापलेला मुरूम सातपर्यंत धग सोडत असतो, आणि काही अडलं तर पुढे अंधार. सकाळी अजून एक मिळतं: पक्षी. पळसाच्या फुलात मध साठलेला असतो, त्यासाठी साळुंक्या, शिंजीर, पोपट झाडावर तुटून पडलेले असतात. नऊनंतर ती वर्दळ ओसरते. साडेसातला झाडापाशी, साडेनऊला गाडीत.

काठीचा_आधार:

आखडलेपणावर उपाय आहे. गुडघ्यांच्या झिजेत सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटतो. पाचला उठवा, गरम पाण्याने शेक द्या, घरातच थोडं फिरू द्या. मात्र तासाभराच्या प्रवासात पाय पुन्हा धरतात. वाटेत एकदा गाडी थांबवून दोन मिनिटं उभं करा.

गोदाकाठ:

लघवीच्या गोळीचं काय करू? त्या दिवशी न दिली तर चालेल का? जायचं म्हटलं की ती पाणीच पीत नाही.

काठीचा_आधार:

स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी वेळ पुढे-मागे चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि अंधारी येण्याचं पाणी न पिणं हेच मोठं कारण असतं, आपल्या बायका रस्त्यात सोय नसते म्हणून तोंडच बांधून घेतात. सोय आधी बघून ठेवा आणि तसं आईंना सांगा: निघताना घरी, जाताना पेट्रोल पंप, रानात गाडीची दोन दारं उघडून मधे चादर. टेकायला मधे भोक असलेली खुर्ची मिळते, ती डिकीत मावते. हे कळलं की पाणी आपोआप प्यायलं जातं. अर्ध्या तासाला दोन-चार घोट, एकदम तांब्याभर नको.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी नेऊ नका. धपाटे घरीच खाऊन निघा. हात थरथरले, घाम फुटला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या.

मोहोळवाट:

कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. खुर्ची मांडायच्या आधी वर बघा, शेजारच्या झाडांवरही. आग्या मोहोळ वड-सावरीसारख्या उंच झाडावर लोंबतं, लांबून काळ्या सुपासारखं दिसतं. दिसलं तर जागा बदला, कारण आईंना पळता येणार नाही. अत्तर, सुगंधी तेल नको आणि धूर तर अजिबात नको. माश्या उठल्याच तर झटकायचं नाही, पदर तोंडावर घेऊन गाडीत बसवायचं आणि काचा लावायच्या. म्हणून गाडी तोंड रस्त्याकडे करूनच लावावी.

पायात मोजे आणि बंद बूट. चपलेत सराटा घुसतो. कुसळं साडीच्या काठात अडकून घरी येतात आणि रात्री टोचतात, निघतानाच झटका.

बांधावरचा:

झाड लांबून पाहून झालं की खाली पडलेलं ताजं फूल उचलून आईंच्या तळहातावर ठेवा. देठाकडचा पेला काळपट हिरवा, हाताला मखमल लागते. त्यातून पाच पाकळ्या: एक मागे वळलेली, दोन बाजूला आणि दोन जुळून झालेली पोपटाची चोच. संस्कृतात याला किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नव्हे?’ त्या चोचीवरून. उन्हात तिरकं धरलं की पाकळीच्या बाहेरच्या अंगाला चंदेरी लव चमकते. चोच हलकेच उघडली की आत दहा पुंकेसर, नऊ जोडलेले आणि एक सुटा. वास शोधू नका, नसतो. नजर अधू असली तरी हे सगळं बोटांना कळतं.

रंगासाठी फुलं हवी असतील तर झाडाखाली जुनं धोतर अंथरा, अभयारण्यात असाल तर हात लावू नका. सावलीत वाळवा. शंभर ग्रॅम वाळलेली फुलं दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पंधरा मिनिटं उकळा. पिवळसर केशरी रंग सुटतो. चिमूटभर खायचा चुना घातला की तो गडद होतो, जास्त पडला तर अंगाला चरचरतं. पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून रंगपंचमीच्या आदल्या रात्रीच भिजत घाला.