एअर सस्पेन्शनची गाडी खाली बसवणारे मॉड्यूल: नागपुरात लावावे का?

एमएच४९_सेडान (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे दुसऱ्या मालकाकडून घेतलेली मर्सिडीझ एस-क्लास (डब्ल्यू २२१) आहे. तिच्या चारही चाकांवर एअरमॅटिक, म्हणजे हवेच्या बेलोजवर (हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर) चालणारे सस्पेन्शन आहे. गाडी उभी असताना चाक आणि मडगार्ड यांच्यातील पोकळी मला खटकते, आणि ती साधारण ३० मिलिमीटरने कमी करावी अशी इच्छा आहे. परदेशी विक्रेते यासाठी एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल विकतात, जे मोबाइलवरून चालते आणि हवे तेव्हा मूळ उंचीवर परत जाते. त्याच्या कितीतरी पट स्वस्त पर्याय म्हणजे लांबी बदलता येणारे लिंक रॉड. कंपनीची वॉरंटी केव्हाच संपली असल्यामुळे ती काळजी नाही. या दोहोंपैकी काय घ्यावे, नागपूरच्या रस्त्यांवर त्याचा त्रास होईल का, आणि बसवताना कोणत्या गोष्टी सांभाळाव्यात, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

लिंक_रॉड

निर्णयापूर्वी हे मॉड्यूल नेमके काय करते ते समजून घ्यावे, कारण पुढचे सारे फायदे-तोटे त्यातूनच निघतात. सस्पेन्शनच्या आर्मला एक बारीक रॉड, म्हणजेच लिंक रॉड, जोडलेला असतो आणि तो लेव्हल सेन्सरची (गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरची) दांडी फिरवतो. सेन्सर त्या कोनानुसार कंट्रोल युनिटला सिग्नल पाठवतो, आणि कंट्रोल युनिट तो स्वतःकडे नोंदवलेल्या उंचीशी ताडून बेलोजमध्ये हवा भरते किंवा सोडते. मॉड्यूल या वाटेत मध्ये बसते आणि सिग्नलमध्ये ठराविक फरक मिसळते. गाडी ३० मिलिमीटर वर आहे असा कंट्रोल युनिटचा समज होतो, म्हणून ते तेवढी हवा सोडते आणि त्यानंतर गाडी कंपनीच्याच उंचीवर उभी आहे असे मानत राहते.

आता आपली गाडी महामार्गावर वेग वाढला की स्वतःहून आणखी खाली बसते, हे आपल्याला ठाऊक असेलच. समृद्धी महामार्गावर कारसाठी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. त्या वेगाला ही आपोआप होणारी घट आपल्या ३० मिलिमीटरमध्ये मिळवली जाईल आणि पुलांच्या सांध्यांवर बंप स्टॉपपर्यंतचे (सस्पेन्शन दबण्याची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंतचे) अंतर फारच थोडे उरेल. काही मॉड्यूल कॅन बसवरून (गाडीतील कंट्रोल युनिटना जोडणाऱ्या डेटा-तारांवरून) वेग वाचून ठराविक वेगानंतर आपला फरक काढून घेतात. घ्यायचेच असेल तर ही सोय असलेलेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लिंक रॉडमध्ये हे शक्य नाही, कारण तो एकदा बसवला की गाडीत बसून बदलता येत नाही. शिवाय रॉड आर्मच्या मध्यावर कुठेतरी जोडलेला असल्यामुळे त्याच्या लांबीतील थोड्याशा फरकाचा चाकापाशी बराच मोठा फरक होतो, आणि डावी-उजवी बाजू समान करताना मेकॅनिकची कसोटी लागते.

आणखी दोन परिणाम विक्रेते सहसा सांगत नाहीत. बेलोजमधील हवेचे आकारमान कमी झाले की तोच भार पेलताना स्प्रिंग अधिक कडक होते, त्यामुळे ज्या मऊपणासाठी आपण ही गाडी घेतली तोच काही प्रमाणात जातो. दुसरे म्हणजे, ज्या गाड्यांत हेडलाइटची पातळी याच सेन्सरवरून ठरते, तिथे पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या मापाने खाली आणल्यास प्रकाशझोताचा कोन चुकतो. दोन्ही टोके सारखीच उतरवावीत.

सिव्हिल_लाइन्स_काका

वरील तांत्रिक माहिती उत्तम आहे. मी मात्र या कल्पनेच्याच विरोधात आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या कॉलन्यांतील किती गतिरोधक या मापात बसतात, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहावे. त्यातच शहरातील रस्ते सिमेंटचे झाल्यापासून मुख्य रस्ता आणि जोडगल्ली यांच्या पातळीत अनेक ठिकाणी पायरीसारखा फरक राहिला आहे. एवढ्या लांब चाकांतराची गाडी अशा ठिकाणी पोटाला घासते, आणि तिथे ३० मिलिमीटर ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

कायद्याचा भागही लक्षात घ्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-ए मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रमाणपत्रावर गाडीची उंची छापलेली नसते, म्हणून हा बदल त्यात येत नाही, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो आरटीओच्या खिडकीवर करून पाहण्याची माझी तरी तयारी नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवला नसेल तर अपघातानंतरच्या दाव्यात त्याचा मुद्दा निघू शकतो, हे वेगळेच.

एमएच४९_सेडान

दोघांचेही आभार. काकांचा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच शहरात मूळ उंची ठेवून केवळ उभी असताना किंवा मोकळ्या रस्त्यावर खाली आणता येईल असे मॉड्यूल डोळ्यांपुढे आहे. विमा कंपनी आणि आरटीओ यांना आधी लेखी विचारूनच पैसे भरीन. तोवर, गाडी जुनी असल्यामुळे बेलोज हे सहन करतील का, हे कोणी सांगावे.

वाडी_वर्कशॉप

आमच्याकडे एअर सस्पेन्शनची कामे नेहमी येतात, म्हणून लिहितो. मॉड्यूलचा विचार करण्याआधी गाडीतून हवा गळते का ते तपासा. सपाट जागेवर संध्याकाळी गाडी उभी करून चारही चाकांपाशी मोजमाप घ्या, आणि सकाळी गाडीचे दारही न उघडता पुन्हा मोजा. माप जमिनीपासून न घेता चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावे, म्हणजे टायरमधील हवेचा फरक त्यात येत नाही. रात्रीच्या गारव्याने चारही कोपरे सारखेच किंचित बसले तर हरकत नाही. एकच कोपरा बसला असेल तर मात्र गळती आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि बेलोजचे रबर त्या उष्णतेत वर्षानुवर्षे भाजलेले असते. इतकी वर्षे ज्या जागी रबराची घडी पडत आली, ती गाडी खाली बसवल्यावर सरकते आणि नव्या जागी ताण येतो. जुन्या रबराला तिथेच भेगा पडतात. वारंवार वर-खाली करण्याचा भार कॉम्प्रेसरवरही पडतो, कारण खाली येताना सोडलेली हवा वर जाताना पुन्हा भरावी लागते. मोबाइलवरचे बटण हातात आले की लोक सिग्नलवर थांबल्या-थांबल्याही ते दाबत राहतात, आणि मग कॉम्प्रेसरचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) चिकटतो.

बसवताना आपल्या मॉडेलसाठी तयार केलेल्या कनेक्टरचेच हार्नेस (तारांचा तयार जुडगा) घ्यावे. तार कापून किंवा सोलून जोड देऊ देऊ नये, कारण पावसाळ्यात तिथे ओल शिरली की सेन्सरचा सिग्नल भरकटतो आणि गाडी एका बाजूला कलते. परदेशातील हार्नेसची लांबी डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीच्या हिशेबाने असू शकते, ते मागवण्याआधी विचारावे. काम करण्यापूर्वी चावी काढून गाडी पूर्ण झोपू द्यावी, म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक प्रणाली बंद होऊ द्यावी, आणि बॅटरी सोडावी. सर्वांत महत्त्वाचे, केवळ जॅकवर उचललेल्या एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली कोणीही शिरू नये, स्टँड लावलाच पाहिजे. चाके लोंबकळत असताना प्रणाली जागी असेल तर गाडी फार वर आहे असे समजून ती हवा सोडून देते. मग गाडी खाली टेकवताना रिकामा बेलो चिमटला जाऊन फाटतो. शेवटी, ज्या उंचीवर आपण अधिक काळ चालवणार त्याच उंचीवर अलाइनमेंट करावे. गाडी खाली आली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आत झुकतो आणि टो (चाकाच्या तोंडाची दिशा) बदलतो, आणि टायरची आतली कड खाल्ली जाते. बाहेरून पाहिल्यास टायर चांगलाच दिसतो.

एमएच४९_सेडान

सांगितल्याप्रमाणे मोजले. पुढचा डावा कोपरा सकाळपर्यंत १२ मिलिमीटर बसला, बाकीचे तिन्ही जवळपास जागेवर आहेत.

वाडी_वर्कशॉप

तर मॉड्यूलचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. पुढचे दोन्ही कोपरे बसले असते तर मी आधी व्हॉल्व्ह ब्लॉक (चाकांकडे हवा वाटणारा भाग) पाहिला असता. एकच बसत असल्यामुळे त्या शॉकअपचा बेलो, वरचा पाइपचा जोड आणि ब्लॉकमधील त्या चाकाचा व्हॉल्व्ह एवढेच संशयित उरतात. जोडावर साबणाचे पाणी फवारा. फेस आला तर काम थोडक्यात आटोपेल. तिथे काही दिसले नाही तर गाडी उचलून बेलोच्या घडीवर फवारावे लागेल, आणि ते मात्र वर्कशॉपमध्येच करा.