सूक्ष्मदर्शकासाठी वापरलेला कॅमेरा: कॅनन ६०० डी घ्यावा की निकॉन डी ३२००?

मधुपराग (प्रश्न)

नमस्कार. मी एका ग्रामीण महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. महाबळेश्वर परिसरातील मधाच्या नमुन्यांतले परागकण तपासून मधमाश्या कोणत्या फुलांवर गेल्या होत्या हे ठरवण्याचे काम आमच्या विभागात चालते. जांभूळ, हिरडा, कारवी अशा नेहमी आढळणाऱ्या परागकणांचा एक छापील चित्रसंच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, अशी इच्छा आहे. आमचा सूक्ष्मदर्शक अंबाल्याच्या बनावटीचा, १६० मिमी नळीचा आणि ट्रायनॉक्युलर (दोन डोळ्यांसाठी दोन आणि कॅमेऱ्यासाठी तिसरी उभी नळी असलेला) आहे. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची भिंगे) ४, १०, ४० आणि १०० पटीचे असून दिवा ६ व्होल्ट, २० वॉटचा हॅलोजन आहे.

आतापर्यंत आम्ही आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) मोबाइल धरून छायाचित्रे घेत आलो. ती पडद्यावर बरी दिसतात, परंतु कणाच्या बाह्यकवचावरची जाळीदार नक्षी छापताना टिकत नाही. कॅमेऱ्यासाठी वीस हजारांच्या आत खर्च करता येईल, म्हणजे वापरलेलाच घ्यावा लागणार. दुकानदार निकॉन डी ३२०० घेण्याचा आग्रह करत आहे, कारण तो २४ मेगापिक्सेलचा आहे आणि त्याच किमतीतला कॅनन ६०० डी १८ मेगापिक्सेलचा. आमच्या कामासाठी हा फरक खरोखर महत्त्वाचा आहे का?

कवडसा

सर, मेगापिक्सेलचा मुद्दा येथे जवळजवळ निरर्थक आहे. ऑब्जेक्टिव्ह जितका तपशील सुटा करून दाखवू शकते त्यापेक्षा अधिक काहीही सेन्सरला मिळत नाही, आणि ही मर्यादा ऑब्जेक्टिव्हवर कोरलेल्या न्यूमरिकल अपर्चरवरून (ते किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते ते सांगणाऱ्या आकड्यावरून) काढता येते. ४० पटीच्या, ०.६५ अपर्चरच्या ऑब्जेक्टिव्हखाली हिरव्या प्रकाशात सुमारे ०.५ मायक्रॉन अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसतात. तेच अंतर ४० पट मोठे होऊन प्रतिमेत सुमारे २० मायक्रॉनचे होते. ६०० डीचा एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा आहे, म्हणजे जेथे दोन-तीन पिक्सेल पुरले असते तेथे तो चार-पाच देतो. १०० पटीला तर पिक्सेल आणखीच उरतात. २००७ सालचा १० मेगापिक्सेलचा कॅनन ४० डीसुद्धा या कामाला तोकडा पडणार नाही.

खरा प्रश्न शटरचा आहे. आरसा वर उचलला जाणे आणि शटरचा पहिला पडदा धावणे, या दोन्हींचा धक्का कॅमेऱ्यातून नळीत आणि नळीतून स्टेजपर्यंत उतरतो. ४० पटीला स्लाइड आणि ऑब्जेक्टिव्ह एकमेकांच्या सापेक्ष अर्धा मायक्रॉन जरी हलली, तरी आपण पैसे मोजून मिळवलेला सगळा तपशील पुसला जातो. कॅननच्या ४० डी, ५० डी, ५५० डी, ६०० डी या कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दिसणारी जिवंत प्रतिमा) चालू केल्यावर आरसा वरच राहतो आणि पहिल्या पडद्याचे काम सेन्सर स्वतः विद्युत पद्धतीने करतो. यांत्रिक पडदा हलतो तो उद्भासन (सेन्सरवर प्रकाश पडू देणे) संपताना, तेव्हा प्रतिमा नोंदवून झालेली असते. (४० डी आणि ५० डीमध्ये त्यासाठी मेन्यूतील सायलेंट शूटिंग चालू असावे लागते.) निकॉनने ही सोय आपल्या डीएसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यांत) प्रथम २०१४ च्या डी ८१० मध्ये दिली. डी ३२०० मध्ये ती नाही, आणि म्हणूनच इतर बाबतींत उत्तम असलेला तो कॅमेरा मी आपल्याला सुचवणार नाही.

साधी काच

एवढा खटाटोप कशासाठी? चांगल्या मोबाइलला पक्का अडॅप्टर लावला, हात लागू नये म्हणून टायमर वापरला की काम भागते. वीस हजार रुपये वाचतील, ते चांगल्या ऑब्जेक्टिव्हवर घाला.

मधुपराग

आपली सूचना खर्चाच्या दृष्टीने रास्त आहे आणि वर्गात दाखवण्यासाठी आम्ही मोबाइलच वापरत राहू. अडचण अशी की मोबाइल प्रत्येक चित्रावर स्वतःच प्रक्रिया करतो. कडा धारदार करतो आणि बारीक पोत सपाट करतो. कारवीच्या कणावरची जाळी कोठे संपते हे ज्या चित्रावरून विद्यार्थ्याने ठरवायचे, त्यात कडेभोवती फोनने काढलेली पांढरी रेघ असेल तर ते चित्र संदर्भ म्हणून देता येत नाही.

शटरचा मुद्दा पटला. परंतु दुकानदार म्हणतो की लेन्सची गरजच नाही, नुसती बॉडी टी-अडॅप्टरने (कॅमेरा नळीला जोडणाऱ्या कडीने) थेट उभ्या नळीवर बसवा. हे योग्य आहे का?

स्टेज मायक्रोमीटर

आपल्या सूक्ष्मदर्शकावर तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १६० मिमी नळीच्या रचनेत ऑब्जेक्टिव्हची प्रतिमा आयपीस ज्या नळीत बसते तिच्या वरच्या कडेपासून सुमारे १० मिमी खाली तयार होते. कॅननचा सेन्सर मात्र लेन्सच्या बैठकीच्या ४४ मिमी मागे असतो, त्यात अडॅप्टरची उंची मिळवावी लागते. अशा वेळी बारीक फोकसचे चाक फिरवून प्रतिमा कशीबशी सेन्सरवर आणली जाते, पण तेव्हा ऑब्जेक्टिव्ह आपल्या ठरलेल्या नळीच्या लांबीवर काम करत नसते. ४ आणि १० पटीला हे खपून जाते. ४० पटीला गोलीय विपथनामुळे (भिंगाच्या कडेचे आणि मध्याचे किरण एकाच बिंदूत न मिळाल्याने) सगळ्या चित्रावर एक धूसर पातळ पडदा आल्यासारखे दिसते आणि मग लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

दुसरे असे की जुन्या घडणीच्या अनेक ऑब्जेक्टिव्हमध्ये रंगदोषाचा काही भाग मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो, आणि तो आयपीसने दुरुस्त करायचा असतो. आयपीस काढून टाकले की ती दुरुस्तीही जाते.

त्यापेक्षा उभ्या नळीत सूक्ष्मदर्शकाबरोबर आलेलेच १० पटीचे आयपीस बसवावे आणि त्याच्या अगदी वर, अनंतावर फोकस केलेली लेन्स लावलेला कॅमेरा ठेवावा. १० पटीच्या आयपीसचे नाभीय अंतर २५ मिमी असते. त्यावर ४० मिमीची लेन्स लावली तर प्रतिमा १.६ पट होते. आयपीसचा फील्ड नंबर (त्यात दिसणाऱ्या प्रतिमेच्या वर्तुळाचा मिमीतील व्यास) १८ असेल, तर वर्तुळ २८.८ मिमी व्यासाचे पडते आणि ६०० डीच्या सेन्सरचा सुमारे २७ मिमीचा कर्ण त्यात नेमका मावतो. कॅननची ४० मिमी एफ २.८ ही चपटी लेन्स म्हणूनच या कामासाठी सोयीची आहे. ५० मिमी लेन्स लावल्यास वर्तुळ ३६ मिमीचे होते आणि कडेचा बराच भाग चित्राबाहेर राहतो, परंतु परागकण मध्यभागी आणून टिपायचा असल्याने त्याने आपले फारसे नुकसान नाही. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ झूम लेन्स मात्र टाळावी. तिच्यातून चित्राचे कोपरे बहुधा काळे येतात.

मधुपराग

दोघांचेही आभार. मग वापरलेली बॉडी निवडताना काय पाहावे? मुंबईला जाणे होईल तेव्हा फोर्टमधील बोरा बाजारात चौकशी करणार आहे. एका परिचिताने सोनी नेक्स-५ एन देऊ केला आहे, त्याविषयीही सांगावे.

कवडसा

नेक्स-५ एनमध्ये पहिला पडदा विद्युत पद्धतीचा आहे, त्यामुळे धक्क्याच्या दृष्टीने तो चालेल; आधीच्या नेक्स-५ मध्ये ही सोय नव्हती, तेव्हा नावातला शेवटचा एन नीट पाहून घ्यावा. परंतु तो संगणकावरून चालवता येत नाही. कारवीसारखा मोठा, फुगीर कण ४० पटीला एका फोकसमध्ये कधीच मावत नाही. बारीक चाक थोडे थोडे फिरवत चित्रांची मालिका घ्यावी लागते आणि ती पिकोलेसारख्या विनामूल्य प्रोग्रामने एकत्र करावी लागते. त्या कामात दर वेळी कॅमेऱ्याच्या बटणाला हात लावणे म्हणजे पुन्हा धक्का देणे. ६०० डी यूएसबीने जोडला की कॅननच्या ईओएस युटिलिटीत जिवंत प्रतिमा मोठ्या पडद्यावर दिसते, ती वाढवून फोकस करता येते आणि शटरही तेथूनच सोडता येते.

खरेदी करताना इतर गिऱ्हाइके ज्यासाठी कॅमेरा नाकारतात त्यांपैकी बऱ्याच गोष्टी आपल्याला चालतात. ऑटोफोकस बिघडला आहे, फ्लॅश उघडत नाही, व्ह्यूफाइंडरमध्ये बुरशी आहे, रबर सुटले आहे, अशी बॉडी असेल तर निःसंकोच भाव पाडून घ्यावी. तडजोड करू नये ती यूएसबीचे पोर्ट, लाइव्ह व्ह्यू आणि सेन्सर यांत. लॅपटॉप बरोबर नेऊन दुकानातच जोडून पाहा. सेन्सरसाठी कोणतीही लेन्स एफ २२ वर (छिद्र अगदी लहान करून) ठेवून पांढऱ्या कागदाचे, मुद्दाम फोकस घालवून, एक चित्र घ्या. त्यावर दिसणारे करडे ठिपके म्हणजे धूळ. सूक्ष्मदर्शकातून येणारा प्रकाश फार निमुळता असतो, ४० पटीला थेट प्रतिमेसाठीच तो एफ ३१ च्या आसपास जातो, त्यामुळे निसर्गचित्रात कधी न दिसलेला कण येथे प्रत्येक चित्रात उमटतो. धूळ साफ करून मिळते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर मात्र ती बुरशी आहे आणि ती बॉडी घेऊ नये.

स्टेज मायक्रोमीटर

एक पुरवणी. दिवा पुढे एलईडीचा केला तर तो मंद करणारे सर्किट लुकलुकणारे नाही ना, हे आधी तपासा. नाहीतर चित्रात आडवे पट्टे येतात. हॅलोजनचा रंग पिवळा असतो, म्हणून छायाचित्रे रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) घ्यावीत आणि स्लाइडवरची रिकामी जागा दाखवून व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगजुळणी) ठरवावा. बॅटरीऐवजी वीजजोडणीचा अडॅप्टरही कॅमेऱ्याबरोबरच मागून घ्यावा, कारण मालिका अर्धी झाली असताना बॅटरी बदलायला कॅमेरा काढला की चौकट सरकते आणि सगळे पहिल्यापासून घ्यावे लागते.