मदत हवी आहे: शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या पालकांशी पाच मिनिटं काय बोलू?

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येते. १५ जूनला आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशोत्सव आहे आणि पालकांचं स्वागत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष, मुलगी तिसरीत. मोठ्या बाई म्हणाल्या, "पाचच मिनिटं बोला, पण यंदा लोक उठून जायला नकोत."

गाव मांजरी-शेवाळवाडीच्या पट्ट्यातलं. ३० जून २०२१ला जी २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यातलं एक. मी याच शाळेत चौथीपर्यंत शिकले. तेव्हा शाळेच्या मागं वांग्याची शेतं होती आणि अख्ख्या वर्गात मिळून चार आडनावं. आता मागं २२ मजली टॉवर उभे राहतायत आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प. गावातली बहुतेक पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात. आमच्या पटावर आहेत ती नांदेड-लातूरकडची, कलबुर्गीची, बिहारची, दोन-तीन नेपाळी वॉचमनची लेकरं. पाटी अजून जिल्हा परिषदेची, घरपट्टी महापालिकेची. शाळा हस्तांतरित होणार होणार असं नुसतं ऐकतोय. "शाळा नक्की कुणाची?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलते.

गेल्या वर्षीचं सांगते. मांडव, रांगोळी, नव्या मुलांची पावलं कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर घेतलेले ठसे, सगळं छान झालं. मग स्टेजवर सात माणसं आणि सातही जणांना शाल-श्रीफळ. एका जुन्या पुढाऱ्याचं 'आमच्या वेळची शाळा' सुरू झालं तेव्हा साडेदहा वाजले होते. साइटवर हजेरी नऊला लागते, उशीर झाला की अर्धा खाडा. मागच्या रांगेतून एकेक जण चपला हातात घेऊन, वाकून निघून गेला. ठशांचे कागद न्यायलाही कुणी उरलं नाही. अजून कपाटात आहेत, मीच पिना मारून ठेवलेत.

शाळेला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे होतं काय, की शाळेत विचारायचं ते लोक माझ्या काउंटरवर विचारतात. मागच्या आठवड्यात नांदेडकडची एक बाई आली. कडेवर एक, हाताला एक. पिशवीतून आधार कार्ड काढलं, लॅमिनेशन सुटलेलं, कडा फुगलेल्या. दोन प्रती काढून दिल्या तरी जाईना. मग हळूच, "ताई, इथं आमचं लेकरू घेतेत का?" शाळा २० पावलांवर, फाटक सताड उघडं. मी म्हटलं, आत जाऊन विचारा की. "नको, दाखला नाही आमच्याकडं. रागवतेत." मग मीच घेऊन गेले. नाव घालायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी दोन पानी भाषण लिहून ठेवलं होतं ('शाळा हे विद्येचं मंदिर' वगैरे, हसू नका). ते त्या बाईसमोर वाचायचं मनात आणलं आणि माझीच मला लाज वाटली.

दुसरी बाजूही आहे. शाळेची जागा गावकीची, दोन खोल्या लोकवर्गणीतून बांधलेल्या. जुनी मंडळी म्हणतात, "आपली पोरं कुठंयत आता तिथं? आपण कशाला यायचं?" समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तो हिशेब आमचा चोख बसतो, पण ज्या दहा-बारा गावकऱ्यांची मुलं अजून शाळेत आहेत तेच सगळे समितीत. कॅम्पातलं एकही माणूस नाही. हे माझ्याही लक्षात आत्ता लिहिताना आलं.

तर पाच मिनिटांत काय बोलू आणि काय गाळू? मराठीत बोलू की हिंदीत? दाखल्याचं माइकवरून सांगितलं तर नियमात बसतं ना, की बाईंच्या डोक्याला ताप? आणि सत्कार न करता जुन्या मंडळींना बोलवायचं कसं?

— झेरॉक्सवाली

खडूची धूळ:
ताई, जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं काढली, म्हणून हक्कानं सांगतो. दाखल्याचं बिनधास्त बोला. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, ते कलम १४. नऊ वर्षांचं पोर शाळेत कधी गेलंच नसेल तरी त्याला पहिलीत नाही, वयाच्या वर्गात बसवायचं, कलम ४. आधारवाचून प्रवेश अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८मध्येच सांगून ठेवलंय. पण ही कलमं माइकवर नकोत. एका कागदावर लिहून बाईंच्या काचेखाली सरकवा, केंद्रप्रमुखांनी विचारलं तर हाताशी असावीत.

वेळ मात्र नऊच्या आतली ठेवा. आणि आदल्या रविवारी कॅम्पावर एक चक्कर मारा, मुकादमाला आधी सांगून. त्याला न विचारता गेलात तर कुणी खोलीबाहेर येत नाही, हा माझा अनुभव. शिवाय ही माणसं स्लॅब संपला की दुसऱ्या साइटवर जातात. जाताना शाळेत सांगून जा, पुढच्या शाळेत दाखवायला मुलाचं शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. नाहीतर दिवाळीनंतर हजेरीपत्रकात नुसत्या गैरहजेरीच्या फुल्या.

टॉवर_डी:
मी त्या टॉवरवाल्यांपैकीच. आमच्याकडच्या मावशींना शाळेची 'पालक सभा' अशी चिठ्ठी आली होती. त्यांना वाटलं पोरानं काहीतरी केलंय, म्हणून गेल्याच नाहीत. चिठ्ठ्या नका वाटू. व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप टाका, तुमच्याच आवाजात. दुकानातली ताई म्हणून तुमचा आवाज ओळखीचा आहे.

पेठेतला आगाऊ:
मराठीतच बोला, सावकाश. भाजीवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी ती माणसं मोडकंतोडकं मराठीच बोलतात. अडलं तिथं हिंदीचा एखादा शब्द. पण भाषा हा विषय माइकवर काढू नका. पहिलीपासूनच्या हिंदीवरून २०२५च्या जूनमध्ये काय रण माजलं ते आठवा, २९ तारखेला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. तुमच्या मांडवात ते नको.
आणि भाषणाआधी मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का ते बघा. आया तेच बघतात.

झेरॉक्सवाली:
आगाऊ, आत्ताच जाऊन बघून आले. पाणी आहे. दाराला आतून कडी नाही. उद्या बसवून घेते.

लेकुरवाळी:
समितीबद्दल. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्यायची असं त्याच कायद्यात आहे, कलम २१. पुढच्या वेळी त्या नांदेडच्या बाईंचंच नाव सुचवा. फक्त सह्यांपुरतं नको हं, आमच्याकडे तेच होतं.

झेरॉक्सवाली:
सगळ्यांचे आभार. जुन्या मंडळींचा प्रश्न आमच्या अण्णांनी सोडवला. ते म्हणाले, "पालखीला दिंड्या येतात तेव्हा आपण शाळेच्याच पडवीत उतरवतो. आडनाव विचारतो का कुणाला? पाणी द्यायला उभं राहा म्हण, येतील. खुर्चीवर बसायला बोलावलंस तर पुढच्या रांगेवरून भांडतील." दोघा-तिघांशी बोलून झालंय. पावणेआठला फाटकाशी चहा-पाण्याला तेच उभे राहणार. स्टेज रद्द, शाली रद्द. बाईंनी जरा कां कूं केलं, पण ऐकलं.

दोन पानांचं एवढंच उरलंय, बघा जमतंय का:

"राम राम. मी बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानातली. पोराचं नाव घातलं नसेल तर आजच घाला. दाखला, आधार, जन्माचा कागद, जे नसेल ते नंतर बघू, मूल आधी पाठवा. रागवणार कुणी नाही. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेत. बारक्याला सांभाळायला मोठीला घरी ठेवू नका, अंगणवाडी इथंच आवारात आहे. काम संपून दुसरीकडं निघालात तर बाईंना सांगून जा. आता पावलांचा कागद घ्या आणि कामावर जा, सह्या संध्याकाळी दुकानात घेईन."

घड्याळ लावून म्हणून बघितलं, दोन मिनिटंसुद्धा होत नाहीत. फक्त कुणी मध्येच "शाळा नक्की कुणाची?" विचारलं तर काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर १४ तारखेच्या आत लिहा.